पोर उभी आहे

"पण मुलीला शिक्षा काय?" रावसाहेबांनी विचारलं.

मी वहीतून डोकं वर काढलं. नाट्यमंडळाच्या माडीवर समितीची सात माणसं सतरंजीवर बसली होती, मध्ये चिवड्याची परात होती, आणि गेले दोन तास मी घसा कोरडा करून माझं नाटक वाचत होतो. शेवटचं पान झालं तर वाहवा राहिली बाजूला, थेट हा प्रश्न. रावसाहेब मुळ्ये म्हणजे होळकरांच्या वेळचे न्यायाधीश. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण दिवसातून एखादा निकाल दिल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

"शिक्षा नाही, रावसाहेब," मी म्हटलं.

"नाही म्हणजे?"

"ती घरी परत येते. सगळे बाकावर जेवायला बसलेले असतात. बाप तिच्याकडे बघतो आणि बायकोला म्हणतो, 'अगं, थोडी सरक. पोर उभी आहे.' मग ती बसते, आणि पडदा."

"बाप एवढंच बोलतो?"

"एवढंच."

"कमाल आहे तुमच्या फ्रेंच लोकांची!" रावसाहेबांनी चिवड्याची मूठ परातीत परत टाकली. "सहा वर्षं मुलगी बाहेर राहून येते, आणि बाप म्हणतो सरक!"

ही गोष्ट एकोणीसशे एकोणसाठ सालची, इंदूरची. मी सदाशिव नेवासकर, तेव्हा सत्तावीस वर्षांचा, कॉलेजात फ्रेंच शिकवत होतो. वर्गात विद्यार्थी अकरा, थंडी पडली की चार. मला फ्रेंच शिकवलं एका म्हाताऱ्या पाद्र्यांनी, आणि मायदेशी जाताना त्यांनीच हे ऑपेराचं फाटकं पुस्तक मला दिलं. ते म्हणाले, "हा कॉमिक ऑपेरा आहे." म्हणजे गाण्यांच्या मधे साधं बोलणं असतं, अगदी आपल्या संगीत नाटकासारखं. तो ज्या कादंबरीवरून केला होता तिच्यावर म्हणे तिकडे खटला झाला होता. गावातली एक मुलगी लग्न झालेल्या क्लॅरिनेटवाल्याबरोबर पळून जाते, याबद्दल कुणाची फारशी तक्रार नव्हती. तक्रार ही होती की शेवटी ती ना विहिरीत उडी घेत, ना क्षयानं मरत. तिला काहीच होत नाही.

मी ते पुस्तक एका रात्रीत वाचलं आणि लहान मुलासारखा रडलो. कारण सांगतो.

माझी थोरली बहीण वत्सूताई एकावन्न साली घरातून गेली. व्हायोलिन शिकवायला येणाऱ्या गुर्जर मास्तरांबरोबर गेली, आणि मास्तरांची बायको धारला होती. दोघं रतलामला राहू लागली. महिन्याभरानं ताई एकदा आली होती. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तिला ओसरीवरच उभी केली आणि जे बोलायचं ते बोलले. मी आतल्या खोलीत पुस्तकात डोकं घालून बसलो होतो. माई, आमची आई, चुलीपाशी होती. दोघांपैकी कुणीही बाहेर आलं नाही. त्यानंतर आमच्या घरात ताईचं नाव निघालं नाही. सत्तावन्न साली आप्पा गेले, तेव्हा काका म्हणाले, "आत्ता नको, लोक जमलेत." म्हणून मी तार एक दिवस उशिरा केली. ताई तिसऱ्या दिवशी आली, गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, मी तिला बघितलं, आणि ती तशीच माघारी गेली. माझ्या स्वभावाची आणखी ओळख करून द्यायला नको.

तर त्या पुस्तकावरून हे नाटक मी लिहीत होतो ते मंडळाच्या रौप्यमहोत्सवासाठी, असं जगाला सांगितलं. खरं म्हणजे ते माईसाठी होतं. माईला नाटकाचं भारी वेड. तोंडावर "ताईला घरी आणू या" म्हणायची माझी छाती नव्हती; म्हटलं, रंगमंचावरचा बाप म्हणेल, माई ऐकेल, आणि मग बघू. एका दुपारी ती तांदूळ निवडत असताना मी तिला शेवटचा प्रवेश वाचून दाखवला. तिचा हात सुपातच थांबला.

"मग बसली का ती जेवायला?" तिनं विचारलं.

"बसली."

"वाढलं का तिला?"

"वाढलं की. ते तिकडचं सूप का काय असतं ते."

माईनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "गरम असेल ना?" बस. मला आणखी काय हवं होतं? त्याच संध्याकाळी मी रतलामला पत्र टाकलं. ताई, तू प्रयोगाला ये. मागच्या रांगेत बस. पडदा पडला की मी माईला तुझ्यापाशी घेऊन येतो. तिसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं, 'येते. पांढरी साडी नेसू की रंगीत, ते कळव.' मी थट्टा समजून हसलो आणि कळवलं, रंगीत.

आणि मग समिती बसली.

समितीनं माझं नाटक फेटाळलं असतं तर बरं झालं असतं. तसं त्यांनी केलं नाही. सगळी भली माणसं. "फार सुंदर लिहिलंय हो, सदाशिवराव, फक्त एवढं जरा बदला," असं म्हणून ती एकेक वीट काढत गेली. क्लॅरिनेटवाल्याचं लग्न झालेलं नको, म्हणून तो ब्रह्मचारी झाला. पळून जाणं नको, म्हणून मुलगी मावशीकडे राहायला जाते असं ठरलं. सहा वर्षांचे सहा महिने झाले. चिटणीस नाना पागनीस म्हणाले, "दोघं एका घरात दाखवू नका, बायका असतात प्रेक्षकांत." मी विचारलं, "मग कुठं दाखवू?" ते म्हणाले, "बागेत." मी बाग घातली. प्रत्येक वेळी घरी जाताना स्वतःला समजावायचो, जाऊ दे, शेवट तर शाबूत आहे. शेवट राहिला की झालं.

बापाचं काम रावसाहेबांनी स्वतःकडे घेतलं. अध्यक्षच ते, नाही कोण म्हणणार? माणूस दिसायला भारदस्त, आवाज खणखणीत, पण दोन गोष्टींची बोंब. एक तर पाठांतर नाही, आणि दुसरं म्हणजे ऐकू कमी. मी प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसून मी वाक्य सांगायचं, आणि रावसाहेबांनी ते जसंच्या तसं उचलायचं. इतकं जसंच्या तसं, की एकदा तालमीत मी "हसून खुर्चीकडे जातात" अशी सूचना वाचली, तर रावसाहेब ठसक्यात म्हणाले, "हसून खुर्चीकडे जातात!" शरयू भिडे, म्हणजे आमची नायिका, हसता हसता खालीच बसली. रावसाहेबांना शेवटपर्यंत कळलं नाही की काय झालं.

प्रयोगाला दहा दिवस राहिले असताना त्यांनी खिशातून एक कागद काढला.

"शेवटी बाप मुका राहतो ते मला पटत नाही," ते म्हणाले. "मी थोडं भाषण लिहिलंय."

मी वाचलं. पाचच वाक्यं होती. 'मुली, ज्या क्षणी तू या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंस, त्या क्षणी तू आम्हांला मेलीस. मेलेलं माणूस परत येत नसतं. या घरात तुझं पान मांडलं जाणार नाही. तुझ्या आईच्या तोंडी तुझं नाव येणार नाही. जा, आणि तुझी सावलीसुद्धा या अंगणात पडू देऊ नकोस.'

"पण रावसाहेब, आता ती फक्त सहा महिने मावशीकडे राहिलेली आहे!" मी म्हटलं.

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तिनं केलंय काय पण?"

"ते लोकांना बरोबर कळतं," रावसाहेब म्हणाले.

मी बोललो. खरंच, त्या दिवशी मी पहिल्यांदा अडून बसलो. म्हटलं, रावसाहेब, हे भाषण घातलंत तर नाटक मरेल. मूळ शेवट ठेवा, माझी एवढी एकच विनंती. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, "बघू." आमच्या मंडळात 'बघू' याचा अर्थ काय होतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण मला तेव्हा तो हवा तसा ऐकायचा होता. भाषणाच्या नकला सगळ्यांसाठी मीच केल्या, नऊ नकला, सुवाच्य अक्षरात. तालमीत रोज ते भाषण मीच सांगत होतो. आणि ताईला 'येऊ नकोस' असं लिहिलं नाही. रोज वाटायचं, उद्या रावसाहेब बदलतील.

प्रयोग रविवारी दुपारी तीनला होता, बायकांना दिवेलागणीपर्यंत घरी जाता यावं म्हणून. हॉल खच्चून भरला. माई पुढून दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसली होती, जरीकाठी साडी नेसून. मध्यंतरात पडद्याच्या फटीतून मी मागच्या रांगा धुंडाळल्या. ताई होती. निळी साडी, केसांत पांढरं दिसत होतं, आणि मांडीवर एक कापडी पिशवी. आठ वर्षांत किती बारीक झाली होती! मी धावत रावसाहेबांकडे गेलो. ते मिशा चिकटवून घेत होते.

"रावसाहेब, ते शेवटचं..."

"काय?"

"शेवटचं वाक्य, मूळचं!" मी ओरडलो.

"हो हो, तुम्ही सांगा, मी म्हणतो," ते म्हणाले, आणि आरशाकडे वळले. आता याचा काय अर्थ घ्यायचा? मी विंगेत येऊन बसलो. मूळ पान मी माझ्याकडे जपून ठेवलं होतं, ते भाषणाच्या कागदाखाली घातलं.

शरयूनं त्या दिवशी जीव ओतला. बागेतल्या पदाला तीन वन्समोअर मिळाले. चौथ्यांदा ओरडा झाला तेव्हा पेटीवाल्यानंच हात जोडले. आणि मग शेवटचा प्रवेश लागला. लांब बाक, त्यावर जेवायला बसलेली माणसं, दारात शरयू. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं. रावसाहेब उठले. एक हात वर केला.

"मुली," ते म्हणाले, "ज्या क्षणी तू या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंस, त्या क्षणी तू आम्हांला मेलीस."

आणि थांबले.

मला आधी वाटलं, परिणामासाठी थांबलेत. पण त्यांचे डोळे भिरभिरायला लागले. हात तसाच वर. त्यांनी मान किंचित माझ्याकडे वळवली. विसरले होते. सपशेल कोरे झाले होते. पुढचं एक अक्षर त्यांच्यापाशी नव्हतं, आणि मी जे सांगेन ते ते म्हणणार होते.

माझ्या हातात दोन कागद होते. वरचा रावसाहेबांचा, खालचा माझा. खालच्यावर सहा शब्द. अगं, थोडी सरक, पोर उभी आहे. हे मी म्हणायचं, की रावसाहेब खणखणीत आवाजात म्हणणार, की शरयूला बाकावर बसावंच लागणार, की पडदा पडणार. आधीचं वाक्यसुद्धा बिघडत नव्हतं. उलट, मेलीस म्हणणारा बाप मध्येच थबकतो आणि पाघळतो, असं झालं असतं. लोकांनी हॉल डोक्यावर घेतला असता. हे सगळं मला तेव्हा, त्या स्टुलावर बसल्या बसल्या, लख्ख कळत होतं. मी खालचं पान वरसुद्धा काढलं.

मागून नाना पागनीस कुजबुजले, "अहो सांगा ना! सांगा!"

मी तोंड उघडलं, आणि म्हणालो, "मेलेलं माणूस परत येत नसतं."

का, ते मला आजतागायत सांगता येत नाही. मी घाबरलो, हे खरं. कागदाकडे माझं लक्षही नव्हतं. दहा दिवस तेच घोकलं होतं, ते जिभेवर बसलं होतं. रावसाहेबांना ऐकू गेलं नाही. त्यांनी कानामागे हात नेला. मग मी मोठ्यानं म्हणालो. तरी नाही. मग मी उभा राहिलो आणि ओरडलो, "मेलेलं माणूस परत येत नसतं!" एकदा सुरू झाल्यावर थांबायला जमेना. "या घरात तुझं पान मांडलं जाणार नाही!" माझा आवाज आधी जायचा, रावसाहेबांचा मागून. "तुझ्या आईच्या तोंडी तुझं नाव येणार नाही!" हॉलच्या शेवटच्या भिंतीपर्यंत मी ऐकू जात होतो. "जा!" मी म्हणालो. सावलीचं वाक्यसुद्धा सोडलं नाही. उरलेली चारही वाक्यं नीट पुरी केली. पडदा पडला, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. नाना पागनीसांनी मला मिठी मारली. "वाचवलंत हो! मंडळाची लाज राखलीत!"

मी त्यांना बाजूला ढकलून मागच्या दारानं बाहेर पळालो. ताई तिथंच कडुनिंबाखाली उभी होती. सात वाजायचे होते, उजेड होता अजून. मला वाटलं ती रडत असेल. ती रडत नव्हती.

"बरा आहेस ना, सदू?" ती म्हणाली.

"ताई, ते मी लिहिलं नाही. देवाशपथ. ते रावसाहेबांचं भाषण होतं, मूळ नाटकात असं काही नाही. मी फक्त सांगत होतो त्यांना."

"हो, कळलं की. लहानपणीसुद्धा तू उभ्यानंच पाठ म्हणायचास." ती हसली. मग माझ्याकडे बघत राहिली, आणि अगदी सहज म्हणाली, "तुझा आवाज आता हुबेहूब आप्पांसारखा लागतो रे. मी दचकलेच."

मी म्हटलं, "थांब, मी माईला घेऊन येतो."

"नको," ताई म्हणाली. "मध्यंतरात तिनं मागं वळून बघितलं. बघितलं तिनं मला. यायचं असतं तर आली असती." तिनं पिशवी माझ्या हातात दिली. "रतलामी शेव आहे. माझी म्हणून नको सांगूस, विकत आणली म्हण." आणि ती रस्त्याला लागली. गाडी साडेसातची होती. मी तिला थांबवलं नाही. ती वळणापाशी दिसेनाशी होईपर्यंत पिशवी हातात घेऊन बघत राहिलो.

माई पुढच्या दाराशी टांग्यात बसून माझी वाट बघत होती. मी चढलो. टांगा रामबागेतल्या घराकडे निघाला. पिशवीकडे बघून ती म्हणाली, "साडेसातच्या गाडीनं चालली का ती?"

"तुला माहीत होतं?"

"तू तांदळापाशी बसून वाचलंस तेव्हाच समजलं मला, हे कुणासाठी चाललंय. आणि मागच्या रांगेत दिसलीच ती. निळी साडी तिला शोभते." माई समोर घोड्याकडे बघत बोलत होती. "आज सकाळी तिच्या वाटणीचीही पोळी लाटून ठेवलीय मी."

"मग तू उठली का नाहीस, माई? तिच्यापाशी गेली का नाहीस?"

"मी कशी जाणार? आप्पा गेल्यावर घरात करतासवरता तूच. म्हटलं, तू म्हणशील तसं. मग तू उभा राहून एवढ्या मोठ्यानं बोललास. मला वाटलं, याच्या मनातून उतरलं सगळं. भर सभेत सांगतोय, तर आता आपण काय बोलायचं?"

"अगं, मी नाही बोललो ते! मी नुसतं सांगत होतो! रावसाहेब विसरले होते गं, माई!"

"ते विसरले ते बघितलं ना मी," माई म्हणाली. "कसे गप्प झाले होते. कुणीच काही बोलत नव्हतं. तेवढ्यात मी पायांत चपला सरकवल्या होत्या रे, सदू. तू आणखी जरा गप्प राहिला असतास, तर मी उठले असते."